बर्मिंगहॅमचे आटे आणि काटोलचा पाना

वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी स्वभावतःच चाकांवर, वेगावर आणि वाहनात बसणाऱ्यांच्या प्रतिष्ठेवर खिळलेली असते. त्यामुळे ज्या भागावाचून वाहन जागचे हलणार नाही, परंतु जो भाग कोणाच्या सहसा नजरेस पडत नाही, त्याचा वृत्तान्त बहुधा अलिखितच राहतो. सायकलीच्या बाबतीत ही उपेक्षा तिच्या मधल्या आसाच्या वाट्याला आली आहे. बैठकीखालची उभी नळी, हँडलाकडून उतरत येणारी तिरपी नळी आणि मागील चाकाकडे जाणारे दोन दांडे ज्या आडव्या नळकांड्यापाशी येऊन मिळतात, त्या नळकांड्याच्या पोटात हा आस असतो. दोन्ही अंगांना आटे पाडलेल्या दोन पोलादी वाट्या, वाट्यांतून मांडलेले छर्रे, छऱ्यांवर फिरणारा आस आणि आसाच्या टोकांना पायडलांचे क्रँक, एवढाच त्याचा संसार. सायकल दुरुस्त करणारे कारागीर या आसाला ‘बी. बी. एक्सल’, वाट्यांना ‘बी. बी. कप’ आणि नळकांड्याला ‘बी. बी. शेल’ म्हणून ओळखतात, आणि विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावी या नावांनी मागितलेली वस्तू दुकानदार निमूटपणे काढून देतो.

दोघांनी मिळून चालवावयाच्या जोडसायकलीचा, म्हणजे टँडमचा, हा आस झिजला असता त्याच्या जागी कोणता बसवावा, असा प्रश्न काटोलसारख्या गावी कोणी उपस्थित केला तर तो प्रथमदर्शनी काहीसा चमत्कारिक वाटेल. कारण जोडसायकल हे आपल्याकडे सर्रास आढळणारे वाहन नव्हे. तथापि विरळ प्रश्नांचा एक गुण असा की, नित्याच्या व्यवहारात गृहीत धरलेल्या गोष्टी त्यांच्यामुळे उघड्यावर येतात. काटोलच्या दुकानात मिळणारी वाटी त्या परदेशी बांधणीच्या नळकांड्यात बसेल की नाही, आणि बसली तर का बसेल, याचा शोध घेऊ लागले म्हणजे संत्र्यांच्या बागांतून निघालेली वाट बर्मिंगहॅमच्या बंदुकांच्या कारखान्यापर्यंत जाऊन पोहोचते.

आरंभीच्या सायकलींना मधला आस नव्हताच. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसच्या मिशो यांच्या कारखान्यातून निघालेल्या सायकलींची पायडले पुढील चाकाच्याच आसाला जोडलेली असत. पायाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई, आणि म्हणून वेग वाढवावयाचा तर चाक मोठे करीत जाणे एवढाच उपाय शिल्लक राही. त्या उपायाची परिणती पुरुषभर उंचीच्या चाकाच्या त्या सुप्रसिद्ध सायकलीत झाली, जिच्यावर चढणे हे कौशल्याचे आणि जिच्यावरून पडणे हे प्राणसंकटाचे काम होते. १८८० साली मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस यंत्रज्ञाने रूळ बसविलेली पोलादी साखळी सिद्ध केली, आणि १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणून पायडले चाकापासून अलग केली. ती दोन चाकांच्या मध्ये, जमिनीपासून बेताच्या उंचीवर आली आणि त्यांचे बळ साखळीच्या द्वारे मागील चाकाला मिळू लागले. मधल्या आसाचा जन्म हा असा झाला. चाकाचा आस वाहनाचा आणि स्वाराचा भार वाहतो. हा नवा आस माणसाच्या श्रमाचे गतीत रूपांतर करणारा म्हणून अवतरला, आणि त्याची सगळी दुखणी या एका फरकातून उद्‌भवली.

छऱ्यांची युक्ती त्यापूर्वीची आहे. १८६९ साली जूल सुरिरे या पॅरिसच्या कारागिराने सायकलीच्या आसासाठी छऱ्यांच्या योजनेचे पेटंट घेतले होते, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झालेली पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर याने छर्रे बसविलेल्या सायकलीवर जिंकली, अशी नोंद आहे. परंतु एकसारख्या आकाराचे, निर्दोष गोल छर्रे हाताने घडविणे हे खर्चाचे काम होते. १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशर याने छर्रे घासून एकसारखे गोल करणारे यंत्र तयार केले, तेव्हा कोठे ही चैनीची वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली. आज काटोलच्या बाजारात पाव इंची छर्रे किरकोळ भावाने मिळतात, त्यामागे हे यंत्र आहे.

आता आट्यांकडे वळू. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी एकत्र येऊन बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बी. एस. ए.) नावाची कंपनी स्थापन केली, तिचा हेतू असा होता की, यंत्रावर घडविलेला बंदुकीचा प्रत्येक भाग दुसऱ्या कोणत्याही बंदुकीत बिनतक्रार बसावा. हाताने घडविलेल्या बंदुकीचा घोडा मोडला तर तो घडविणाऱ्या कारागिराकडेच जावे लागे. रणांगणावर हा शिरस्ता परवडणारा नव्हता. सैन्याच्या मागण्या ओसरल्या तेव्हा या कंपनीने सायकलींकडे मोर्चा वळविला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती सायकलींचे सुटे भाग बनवून इतर लहानमोठ्या कारखानदारांना पुरवू लागली. तिच्या मालावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची मुद्रा असे. बी. एस. ए.चे भाग विकत घेऊन आपल्या नावाची सायकल जोडणाऱ्या कारखानदाराला त्या भागांच्या मापाचाच सांगाडा करावा लागे. आणि अशा रीतीने, कोणताही हुकूम न सुटता, त्या मापाचा अंमल सर्वत्र बसत गेला. नळकांड्याची रुंदी ६८ मिलिमीटर, वाटीचा व्यास १.३७ इंच आणि एका इंचात २४ आटे, हे ते माप. बंदुकीच्या घोड्यासाठी रुजविलेली शिस्त सायकलीच्या वाटीत उतरली ती अशी.

या मापात एक बारकावा आहे, तो कारागिराच्या हाताला ठाऊक असतो, परंतु त्याचे कारण सहसा कोणी सांगत नाही. उजव्या अंगाची, म्हणजे साखळीकडील वाटी उलट्या आट्यांची असते आणि डाव्या अंगाची सुलट्या. आस फिरत असताना त्यावरील भाराची दिशा बदलत राहते, आणि त्यामुळे वाटी आपल्या बैठकीत अतिसूक्ष्म प्रमाणात गडगडत आसाच्या विरुद्ध दिशेने सरकू पाहते. उजवीकडील वाटीला सुलटे आटे दिले तर ही सूक्ष्म गती तिला हळूहळू उकलीत नेईल. उलटे आटे दिले तर तीच गती तिला अधिकाधिक आवळीत राहते. इटलीच्या कारखानदारांनी ३६ मिलिमीटर व्यासाची निराळी वाटी पत्करली आणि दोन्ही बाजूंना सुलटेच आटे ठेवले, फ्रान्सने ३५ मिलिमीटरच्या वाटीला तसेच केले. त्यामुळे त्या सायकलींची उजवी वाटी सैल होण्याची तक्रार चालत आली. इंग्लंडातही सगळेच एका मापाचे होते असे नाही. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या सायकलींसाठी इंचाला २६ आट्यांचे स्वतंत्र माप दीर्घकाळ राखले. दोन आट्यांचा तो फरक डोळ्यांना दिसत नाही, परंतु २४ची वाटी २६च्या नळकांड्यात दोनतीन वेढे जाऊन अडते, आणि कारागिराने तेथे बळ योजले तर नळकांड्याचे आटे कायमचे नष्ट होतात.

ही सगळी बर्मिंगहॅमची आणि नॉटिंगहॅमची व्यवस्था काटोलला कशी आली, हे समजण्यासाठी या गावाची जागा ध्यानी घ्यावयास हवी. नागपूरच्या पश्चिमोत्तरेस सुमारे साठ किलोमीटरांवर, जाम नदीच्या काठी वसलेले हे तहसिलीचे ठाणे. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला येऊन पोहोचली. परंतु काटोलला स्वतःचा लोहमार्ग मिळावयास विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. नागपूर-इटारसी मार्ग तेव्हा बांधला गेला आणि कळमेश्वर, काटोल, नरखेड ही गावे त्यावर आली. तोपर्यंत नागपूरचा माल काटोलला येई तो सडकेने, बैलगाडीतून. आजही नागपुरात काटोल नाका आणि काटोल रोड ही नावे त्या जुन्या दळणवळणाची साक्ष देत उभी आहेत.

या मुलखाची काळी जमीन कापसाची. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि कापूस पिकविणाऱ्या तहसिलींतून सरकी काढण्याचे, म्हणजे जिनिंगचे, व गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले. शेतकऱ्याच्या अंगणात वावरणाऱ्या माणसाला लांबलचक फिरता दांडा, त्यावरील पट्टे, त्याला आधार देणारे बेअरिंग आणि बेअरिंगला वेळच्या वेळी द्यावयाचे तेल, या गोष्टी प्रथम दाखविल्या त्या जिनिंगने. कपाशीच्या जोडीला संत्रे आले. नागपूरच्या भोसल्यांनी ते औरंगाबादेकडून आणविले, अशी परंपरागत माहिती आहे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा पट्टा आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या हिशोबावर चालू लागला. आणि ओलितासाठी, राखणीसाठी व तोडणीसाठी बागेकडे दिवसातून दोनदोनदा जावे लागणाऱ्या माणसाला, बैलगाडी जुंपण्याचा खटाटोप न करता एकट्याने लवकर जाता येईल अशा वाहनाची गरज निर्माण झाली.

सायकल प्रथम आली ती अर्थात साहेबाची म्हणून. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन दांपत्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या मैदानी प्रदेशातील देवळे पाहत सुमारे चौदा हजार मैल सायकलीवर हिंडले आणि १९०४ साली त्यांनी त्या प्रवासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी या देशातील सामान्य माणसाच्या लेखी सायकल म्हणजे गोऱ्यांचा एक विक्षिप्त छंद होता. पुढे ती कचेरीत गेली. शाळा तपासणारे अधिकारी, टपाल खात्याचे लोक, पटवारी, मिशनरी, वकील आणि त्यांचे कारकून, अशा पायऱ्या उतरत ती मास्तरांच्या, दूधवाल्यांच्या आणि बागवानांच्या हाती आली. १९२२च्या मध्य प्रांत नगरपालिका कायद्याने नगरपालिकांना वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार दिलेलाच होता. अनेक गावी सायकलीलाही परवाना लागे, कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सांगाड्याला लावावा लागे, रात्री दिवा नसल्यास आणि दोघे बसल्यास दंड होई. सरकारी दप्तरात सायकलीची जी नोंद आढळते ती अशी करापुरती आणि दंडापुरती. ती दुरुस्त कोण करी, कशी करी, भाग कोठून आणी, याविषयी दप्तर मौन पाळते.

आणि खरा इतिहास तेथेच आहे. तालुक्याच्या गावचे सायकलीचे दुकान म्हणजे विक्रीचे स्थान कमी आणि भाड्याचे व दुरुस्तीचे ठाणे अधिक. तासाच्या दराने मिळणाऱ्या सायकलींवर गावोगावच्या पोरांनी स्वारी शिकून घेतली. आणि अशा सायकलींचे हाल घरच्या सायकलीपेक्षा कितीतरी अधिक होत असल्यामुळे, त्या हालांवर इलाज करता करता मिस्त्र्याचा हात तयार झाला. नागपूरकडचे हवामान या शिक्षणात सहभागी होते. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, नळकांड्यातील ग्रीस पातळ होऊन ओघळते आणि तिच्या जागी फुफाटा शिरतो. पावसाळ्यात काळी चिकण माती मडगार्डात दाटते, उभ्या नळीतून उतरलेले पाणी नेमके मधल्या आसाच्या नळकांड्यात साचते आणि छर्रे गंजतात. साखळी उघडी असते, तिला तेल देता येते. हबही चाक काढले की हाती येतो. मधला आस मात्र क्रँक उतरविल्याशिवाय दिसत नाही आणि क्रँक उतरवावयाचा म्हणजे त्याला आसाशी जखडणारी पाचर, कॉटर पिन, काढावी लागते. ती पिन गंजून धरली असली तर तिचा आटा न मोडता तिला बाहेर काढणे, ही मिस्त्र्याची कसोटी. मग डाव्या वाटीची चक्री सैल करावयाची, वाटी उकलावयाची, आस ओढावयाचा, जुने छर्रे घमेल्यात पाडावयाचे, नवे अकरा या बाजूला आणि अकरा त्या बाजूला ग्रीसमध्ये बसवावयाचे, आणि शेवटी वाटी इतकीच आवळावयाची की आस अडखळू नये आणि खेळूही नये. आवळण्याचे हे प्रमाण कोणत्याही पुस्तकातून येत नाही. ते बोटांना कळावे लागते.

हे भाग आरंभी विलायतेहून येत. दुसऱ्या महायुद्धाने आयातीची वाट अडविली आणि स्वातंत्र्यानंतर देशी कारखानदारीला संरक्षण मिळाले. १९४९ साली मद्रासेत टी. आय. सायकल्स, त्याच सुमारास बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियान्याला मुंजाल बंधूंचे हीरो, अशी ही मालिका. विलायती कंपन्यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या कारखान्यांनी विलायती मापे उचलली हे स्वाभाविकच होते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सायकलीचे बहुतेक सुटे भाग पुढे लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले आणि लुधियान्याच्या गल्ल्यांतून शेकडो लहान कारखाने वाट्या, आस, छर्रे आणि कॉटर पिना घडवू लागले. ज्याला दुसऱ्याच्या सांगाड्यात बसणारी वाटी विकावयाची आहे, त्याला मापात स्वतःची बुद्धी चालविण्याची मुभा नसते. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन नागपूरचे राजधानीपण गेले, विदर्भ प्रथम मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, जमीनमहसुलाची मालगुजारी पद्धत तर त्याआधीच संपली होती. अंमलदार बदलले, परगण्यांचे हिशोब बदलले, परंतु वाटीचे २४ आटे कायम राहिले. काटोलचा पाना ज्या वाटीला लागतो तीच वाटी बेळगावला आणि बिलासपूरलाही बसते, यात त्या पान्याचे खरे सामर्थ्य आहे.

आता जोडसायकलीचा विचार करू. इंग्लंडातील बिगल्सवेड गावच्या डॅन अल्बोन याने ए. जे. विल्सन याच्या साहाय्याने १८८६ साली ‘आयव्हेल’ टँडम सिद्ध केली. म्हणजे ‘रोव्हर’ निघाल्यानंतर वर्षभरातच एका सांगाड्यावर दोघांचे श्रम जोडण्याची कल्पना साकार झाली. १९०८च्या लंडन ऑलिंपिकपासून १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत जोडसायकलींची शर्यत होत असे. पुढे तिला अधिक उदात्त उपयोग लाभला: पॅरालिम्पिक स्पर्धांत दृष्टिहीन स्वार मागील बैठकीवर आणि डोळस साथीदार पुढील बैठकीवर बसून धावू लागले. आपल्याकडे पुण्याच्या अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन या संस्थेने, जिचे संस्थापक दिव्यांशू गणात्रा स्वतः दृष्टिहीन आहेत, दृष्टिहीन आणि डोळस यांना जोडसायकलीवर एकत्र आणण्याचे कार्य केले आहे.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मात्र दोघांनी एका सायकलीवर जाण्याची रीत निराळीच रूढ झाली. ती म्हणजे डबलसीट. एकाने पायडल मारावयाचे आणि दुसऱ्याने पुढच्या दांडीवर अथवा मागच्या कॅरिअरवर बसून राहावयाचे; चढ लागला की दुसऱ्याने उतरावयाचे, एवढाच त्याचा सहभाग. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर डबलसीटमध्ये भार दुप्पट होतो, परंतु बळ एकाचेच राहते. त्यामुळे मोडतात त्या मागील चाकाच्या तारा आणि वाकतो तो हबचा आस. मधला आस या प्रकारात फारसा गांजत नाही. जोडसायकलीत भाराबरोबर श्रमही दुप्पट होतो आणि तो सगळा मधल्या आसांतून वाहतो. शंभर वर्षे डबलसीटची सवय असलेल्या आपल्या कारागिरीने मागच्या चाकाला जादा मजबूत रिम, जाड तारा आणि भक्कम कॅरिअर दिले, पण बी. बी. एक्सल एकट्या माणसाच्या पायांपुरताच राहिला, याचे कारण या रिवाजात आहे.

जोडसायकलीला मधले आस दोन असतात. रूढ बांधणीत पुढच्या आसाची साखळी डाव्या अंगाने मागच्या आसाकडे जाते आणि मागच्या आसाच्या उजव्या अंगाने दुसरी साखळी चाकाकडे जाते. साध्या सायकलीत उजव्या पायाचे बळ क्रँकमधून थेट दातेरी चक्राला मिळते. आसाला पीळ पडतो तो केवळ डाव्या पायाच्या बळाचा. जोडसायकलीच्या मागील आसातून मात्र पुढच्या स्वाराचे दोन्ही पाय आणि मागच्याचा डावा पाय, अशा तीन पायांचे बळ डावीकडून उजवीकडे जाते. शिवाय डावीकडील साखळी आसाला पुढे ओढते आणि उजवीकडील मागे. म्हणजे पिळाच्या जोडीला ही विरुद्ध दिशांची ओढ वाट्यांना आणि छऱ्यांना सोसावी लागते. डाव्या साखळीचे चक्र लहान असले तर ही ओढ आणखी वाढते, कारण तेवढेच परिबल लहान त्रिज्येवर पेलावे लागते. पुढच्या आसाची गोष्ट सौम्य आहे. त्यातून जातो तो एकट्या उजव्या पायाचा पीळ. तेव्हा जोडसायकलीचे दोन आस एकसारखे दिसले तरी त्यांचे भागधेय एक नसते, आणि बदलीचा भाग निवडताना हा भेद विसरून चालत नाही.

या विवेचनावरून निवडीची पद्धती आपोआप सिद्ध होते. प्रथम नळकांडे स्वच्छ पुसून त्याची रुंदी मोजावी आणि आट्यांचे माप घ्यावे; ६८ मिलिमीटर आणि २४ आटे निघाले तर बाजार खुला आहे, जुन्या नॉटिंगहॅमी बांधणीचे २६ आटे निघाले तर जुन्याच वाट्या, त्यांत खाच पडलेली नसल्यास, जपून वापराव्यात आणि फक्त आस व छर्रे बदलावेत. पुढील आस बहुधा एका मोठ्या नळकांड्यातील सरकत्या, केंद्राबाहेर भोक पाडलेल्या ठोकळ्यात बसविलेला असतो. हा ठोकळा फिरविला म्हणजे आस पुढेमागे होऊन डाव्या साखळीचा ताण साधतो. हा ठोकळा सैल वा झिजलेला असेल तर नवा आस घालूनही कट-कट आवाज राहणार, म्हणून त्याची तपासणी आधी करावी. नंतर लांबी. डाव्या अंगाची दोन चक्रे अगदी एका रेषेत आली पाहिजेत, नाहीतर साखळी तिरपी चालून दाते खाते. म्हणून दोन्ही आस एकाच वेळी, एकमेकांशी जुळवून घ्यावेत. उजवी वाटी उलट्या आट्यांची आणि घट्ट धरलेली असल्यामुळे तिला हात न लावता केवळ डावी वाटी आणि छर्रे बदलण्याचा दुकानांतला शिरस्ता आहे. एकट्याच्या सायकलीला तो खपून जातो, तीन पायांच्या आसाला खपत नाही, कारण जुन्या वाटीत पडलेली खाच नवे छर्रे थोड्याच दिवसांत खाऊन टाकते.

राहता राहिला प्रकाराचा प्रश्न. कॉटर पिनेच्या आसाखेरीज दुसरा प्रकार चौकोनी निमुळत्या टोकांचा. फ्रान्सच्या स्ट्राँगलाइट कंपनीने तो १९३३च्या सुमारास रूढ केला आणि तो आजही चालतो. पिनेच्या जोडात सगळा पीळ एका मऊ लोखंडी पाचरीवर येतो, आणि जोडसायकलीच्या मागील डाव्या क्रँकची पाचर म्हणून वारंवार चेपते. चौकोनी जोडात तोच पीळ चार बाजूंवर विभागतो. याच चौकोनी आसाची, छर्रे आत बंद केलेली अखंड नळीही मिळते. ती ११०, ११३, ११८, १२२.५ मिलिमीटर अशा निरनिराळ्या लांब्यांत येते, तिचे आटे तेच जुने २४चे असतात, आणि चिखल व पाणी तिच्यात सहजासहजी शिरत नाही. तिचा दोष एवढाच की, ती बिघडली म्हणजे उघडून दुरुस्त होत नाही. टाकून नवी घालावी लागते, आणि ती चढविण्या-उतरविण्याला दातेरी पाना लागतो तो पारंपरिक मिस्त्र्याच्या पेटीत असेलच असे नाही.

मला जो निर्णय युक्त वाटतो तो असा. ज्या जोडसायकलीला पिनेचे क्रँक आहेत आणि जी गावातल्या गावात फिरणार आहे, तिला पुढे बाजारातला उत्तम पोलादाचा देशी आस, सुट्या छऱ्यांसह, पुरेसा आहे. मागे तोच आस घातला तरी वाट्या दोन्ही नव्या असाव्यात आणि पाचर वरचेवर तपासावी. जी सायकल दूरच्या प्रवासाला, विशेषतः दृष्टिहीन स्वाराला घेऊन जाणार आहे, जेथे मागचा आस ऐनवेळी खेळू लागणे म्हणजे दोघांचीही पंचाईत, तिच्या मागील जागी चौकोनी टोकांचा बंद आस आणि त्यासोबतचे क्रँक घालण्याचा खर्च रास्त आहे. आणि त्याचा पाना मालकाने स्वतःजवळ बाळगावा.

अलीकडच्या काळात महाग सायकलींच्या कारखानदारांनी आटेच काढून टाकून, बेअरिंग थेट गुळगुळीत नळकांड्यात दाबून बसविण्याचे अनेक प्रकार काढले. दर कंपनीचे माप वेगळे, दर मापाची हत्यारे वेगळी. करकर आणि सैलपणा यांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा त्यांतील काही कारखानदार पुन्हा आट्यांकडे परतले. काटोलच्या मिस्त्र्याला या प्रदक्षिणेचे कारणच पडले नाही. नावीन्याला विरोध म्हणून नव्हे, तर दुसऱ्याने घडविलेला भाग आपल्या हाताने बसविता आला पाहिजे, या गरजेपोटी त्याने ते जुने माप धरून ठेवले; आणि बदलीचा आस निवडणाऱ्यालाही शेवटी हाच निकष लावावा लागतो की, आसाचे पोलाद, त्याची टोके आणि त्याचे छर्रे हवे तितके नवे असोत, पण त्याचे आटे ज्या गावात तो मोडेल त्या गावच्या पान्याला ओळखीचे असावेत.